धागा : आभाळात फवारणी करायची, तर खालच्या माणसांना विचारणार कोण?

दहिवर (धागाकर्ता)

किरुना हे स्वीडनच्या पार उत्तरेकडचं खाणीचं गाव. तिथून पूर्वेला साधारण ४० किलोमीटरवर एसरेंज हा रॉकेट आणि बलून सोडायचा तळ आहे. वरच्या हवेत कण सोडून ऊन परतवलं तर पृथ्वी थंड करता येईल का, हे तपासणारा हार्वर्ड विद्यापीठाचा ‘स्कोपेक्स’ प्रयोग. जून २०२१ मध्ये त्याचा बलून तिथून उडणार होता. पहिल्या उड्डाणात काहीच फवारायचं नव्हतं. पंखे, उपकरणं आणि संपर्कयंत्रणा चालते का, एवढंच बघायचं होतं. पुढच्या टप्प्यात साधारण २० किलोमीटर उंचीवर १०० ग्रॅम ते २ किलो कॅल्शियम कार्बोनेटची पूड सोडायची, म्हणजे खडूचीच भुकटी. तिचा सुमारे १ किलोमीटर लांब आणि १०० मीटर रुंद पट्टा झाला की टोपली पंख्यांच्या जोरावर परत त्यातून फिरवायची आणि कण केवढे आहेत, किती पसरतात, किती ऊन परतवतात हे मोजायचं.

सामी म्हणजे तिथले रेनडिअर पाळणारे आदिवासी. २४ फेब्रुवारी २०२१ ला त्यांची सामी परिषद आणि स्वीडनमधल्या तीन पर्यावरण संघटनांनी पत्र लिहून हे थांबवा म्हटलं. ३१ मार्चला उड्डाण रद्द झालं. मार्च २०२४ मध्ये हार्वर्डने प्रकल्पच गुंडाळला.

यावर मराठीत जे वाचायला मिळतं त्यात दोनच सूर असतात. एक, ‘अडाण्यांनी विज्ञान अडवलं’. दुसरा, ‘निसर्गपुत्रांनी पृथ्वी वाचवली’. दोन्हींतून हाती काही लागत नाही. वर ढवळाढवळ झाली तर खाली बर्फ, ढग, तारे वाचून जगणाऱ्यांच्या आडाख्यात नेमकं काय बिघडतं, हे ज्यांना माहीत आहे त्यांनी लिहावं. लॅपलँड सहलीचे फोटो कृपया दुसऱ्या धाग्यावर.

---

उत्तरायण

रेनडिअरपासून सुरुवात करतो, कारण सगळं त्याच्या पोटाशी येऊन थांबतं.

हिवाळ्यात हा प्राणी मुख्यतः जमिनीवरच्या दगडफुलावर जगतो. आपल्या गोडा मसाल्यातल्या दगडफुलाचंच हे भावंड, फक्त पाइनच्या जंगलात जमिनीवर वाढणारं. वाढ वर्षाला काही मिलिमीटर. एकदा तुडवलं किंवा खरवडलं गेलं की भरून यायला दशकं लागतात.

बर्फ किती पडला हा प्रश्न दुय्यम असतो. मऊ बर्फ अर्धा-पाऊण मीटर असला तरी जनावर वासाने चारा ओळखतं आणि खुराने उकरून काढतं. महत्त्वाचा असतो तो थरांचा क्रम. आधी जमीन गोठली आणि मग कोरडा बर्फ पडला, तर चराई चांगली. जमीन ओली आणि ऊबदार असताना ओला बर्फ पडला, तर खालच्या चाऱ्याला बुरशी येते. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये बर्फावर पाऊस पडून तो पुन्हा गोठला, तर तळाशी काचेसारखी लादी बसते. मग वासही येत नाही आणि खूरही चालत नाही.

त्यामुळे पशुपालक बर्फात खड्डा खणून थर बघतो, काठीने टोचून कडकपणा अजमावतो आणि ठरवतो : कळप इथेच ठेवायचा, पुढच्या दरीत न्यायचा, दोन भाग करायचे, की जुन्या झाडांवर लोंबणाऱ्या दगडफुलाच्या जंगलात घुसवायचा. हा शेवटचा पर्याय जुनी जंगलं तुटल्यामुळे बऱ्याच ठिकाणी उरलेला नाही. उत्तर सामी भाषेत चराईच्या या एकूण स्थितीला ‘ग्वोहतुन’ म्हणतात. त्यात बर्फ, चारा, जमीन आणि त्या कळपाची सवय हे सगळं एकत्र धरलेलं असतं.

निर्णय चुकला तर काय होतं? सायबेरियातल्या यमाल द्वीपकल्पावर नोव्हेंबर २०१३ मध्ये बर्फावर पाऊस पडून गोठला. नेनेत्स लोकांची सुमारे ६१,००० रेनडिअर उपाशी मेली.

‘मग पेंड घाला’ असं सहज म्हटलं जातं. दगडफुलावर जगणाऱ्या जनावराच्या पोटातले जिवाणू त्याच चाऱ्याला सरावलेले असतात. एकदम दाणे-पेंड दिली की पचन कोलमडतं. थोडं दगडफूल, थोडं गवत मिसळत हळूहळू बदल करावा लागतो, आणि तेही जनावर फार खंगण्याआधी. शिवाय खायला घालायचं म्हणजे कुंपणात आणायचं. तिथे गर्दीने डोळ्यांचा संसर्ग पसरतो.

---

गारपीट

माहिती उत्तम, पण मूळ मुद्द्याशी संबंध काय? २ किलो खडूने कुठल्या दरीत लादी बसणार आहे? एखादं प्रवासी विमान मिनिटभरात जेवढं सोडतं त्याहून हे कमी, असं प्रयोगवाल्यांचं म्हणणं होतं. पहिल्या उड्डाणात तर शून्य.

आणि बर्फावर पाऊस पडायचं प्रमाण वाढतंय ते तापमानवाढीमुळे. ती करताना सामींची परवानगी कुणी घेतली होती? विनापरवाना ढवळाढवळ दीडशे वर्षं चालू आहे. तिच्यावर उतारा शोधणाऱ्यालाच तेवढा परवाना मागायचा?

---

उत्तरायण

गारपीट, प्रश्न रास्त आहे. २ किलोने चराई बिघडली नसती, आणि सामी परिषदेच्या पत्रातही खडूने चारा मरेल असा दावा नव्हता. हरकत अशी होती की हे तंत्र ज्या दिशेने जातं ते सगळ्या पृथ्वीचं हवामान हाताळणं आहे, आणि त्याची पहिली पायरी आमच्या डोक्यावर ठेवताना आमच्याशी बोललात का. उत्तर ‘नाही’ होतं. जागा ठरली, उड्डाणाची घोषणा झाली, सल्लागार समिती अमेरिकेत बसली. सामींशी बोलणं हे काम यादीत ‘नंतर करायचं’ या खाली होतं.

आता त्यांना आभाळातून येणाऱ्या गोष्टींबद्दल इतका संशय का, तेही बघा. दगडफुलाला मुळं नसतात. ते पाणी आणि क्षार थेट हवेतून आणि पावसातून घेतं. एप्रिल-मे १९८६ मध्ये चेर्नोबिलचा ढग स्वीडनवर आला तेव्हा जिथे पाऊस पडला तिथे किरणोत्सारी सिझियम-१३७ खाली उतरलं. आधी दगडफुलात, तिथून रेनडिअरच्या मांसात, तिथून माणसात. स्वीडनने विक्रीची मर्यादा किलोला ३०० बेकरेल (किरणोत्साराचं माप) ठेवली आणि त्या हंगामात मांस ढिगांनी टाकून द्यावं लागलं. १९८७ मध्ये रेनडिअरसाठी मर्यादा १५०० केली. काही भागांत कळप कत्तलीआधी स्वच्छ चाऱ्यावर ठेवणं आणि मांस मोजणं हे पुढे कित्येक वर्षं चाललं.

शिवाय एसरेंज हा काही कोरा पाट नाही. त्याचं रॉकेट पडण्याचं राखीव क्षेत्र सुमारे ५,२०० चौरस किलोमीटर आहे आणि ते चराईच्या जमिनीवर आहे. १९६६ पासून तिथे वरून काही ना काही पडतंच आहे.

---

तळटीप

कायद्याची बाजू थोडक्यात.

जैवविविधता कराराच्या २०१० च्या नागोया बैठकीत ठरलं की पुरेसा शास्त्रीय आधार आणि धोक्यांचा विचार होईपर्यंत जैवविविधतेवर परिणाम करणारी हवामान-अभियांत्रिकी करू नये. लहान, नियंत्रित शास्त्रीय प्रयोगांना अपवाद आहे. ठराव बंधनकारक नाही, आणि अमेरिका त्या कराराची सदस्यच नाही. आदिवासी हक्कांचा संयुक्त राष्ट्रांचा जाहीरनामा २००७ चा. त्यात पूर्वसंमतीचं तत्त्व आहे, कलम ३१ मध्ये पारंपरिक ज्ञानावरचा हक्क आहे. स्वीडनने बाजूने मत दिलं, पण आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा करार क्रमांक १६९ अजून मान्य केलेला नाही. सामींशी सल्लामसलत सक्तीची करणारा स्वीडिश कायदा १ मार्च २०२२ ला लागू झाला, म्हणजे या प्रकरणानंतर. तो बांधतो सरकारला आणि सरकारी खात्यांना. परदेशी विद्यापीठाच्या बलूनला कितपत, हा वादाचा विषय.

न्यायालयात जाणं हा रस्ता किती बिनभरवशाचा, ते अ‍ॅरिझोनात दिसलं. होपी आणि नवाहो यांच्यासह अनेक जमातींना पवित्र असलेल्या सॅन फ्रान्सिस्को शिखरांवर स्कीइंगसाठी शुद्ध केलेल्या सांडपाण्याचा कृत्रिम बर्फ पाडायचा होता. होपींच्या श्रद्धेनुसार पाऊस आणणारे कात्सिना त्या शिखरांवर राहतात. २००७ मध्ये अपील न्यायालयाच्या खंडपीठाने जमातींच्या बाजूने निकाल दिला. २००८ मध्ये त्याच न्यायालयाच्या मोठ्या पीठाने तो फिरवला : श्रद्धा दुखावली असेल, पण धर्माचरणात ‘मोठा अडथळा’ नाही. २०१२ च्या अखेरीस यंत्रं सुरू झाली.

---

कोरडवाहू

अशा चर्चेत तीन वेगळ्या गोष्टींची खिचडी होते. पाऊस पाडायला ढगांवर फवारणी, गारपीटविरोधी तोफा आणि वीस किलोमीटर वरचे कण. पारंपरिक आडाख्यांवर तिन्हींचा परिणाम वेगवेगळा असतो.

ढगांवरची फवारणी आपल्याकडे झालेली आहे. राज्य सरकारने २००३, २०१५ आणि २०१९ मध्ये केली. शास्त्रशुद्ध मोजमाप झालं ते पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेच्या सोलापूरच्या प्रयोगात. कृती अशी : रडारवर वाढता ढग हेरायचा, विमान ढगाच्या तळाखाली जिथे हवा वर चढते आहे तिथे न्यायचं आणि पंखांना लावलेल्या कॅल्शियम क्लोराइडच्या नळकांड्या पेटवायच्या. क्षाराचे बारीक कण वर ओढले जातात, त्यांच्यावर मोठे थेंब धरतात, मोठे थेंब लहानांना गिळत खाली येतात. दुसरं विमान उपकरणं घेऊन ढगातले थेंब मोजत फिरतं. चांदीचं आयोडाइड वापरतात ते थंड ढगांत, जिथे उणे ५ अंशांखालीही पाणी गोठलेलं नसतं. २७६ ढगांच्या या अभ्यासात वारा जातो त्या अंगाला १०० चौरस किलोमीटरमध्ये पावसात सरासरी १८ टक्के वाढ निघाली.

चुकतं कुठे? ढग लहान असेल, तळाशी उठाव नसेल, हवा वर कोरडी असेल तर नळकांडी वाया जातात. ढगच नसेल तर प्रश्नच मिटला. फवारणी ढग तयार करत नाही. दुष्काळात नेमके ढगच नसतात, म्हणून ‘दुष्काळावर उपाय’ ही जाहिरात फसवी आहे. आणि फवारणीपासून पाऊस पडेपर्यंत वीसेक मिनिटं धरली, वारा ताशी ३६ किलोमीटर धरला, तर पाऊस १२ किलोमीटर पुढे पडतो. विमान एका गावावर दिसतं, सर दुसऱ्या गावात येते.

त्यामुळे १८ टक्क्यांनी कुणाचा पारंपरिक आडाखा मोडत नाही. एका मोसमातला नैसर्गिक चढउतारच त्याहून मोठा असतो. मोडतो तो विश्वास. विमान दिसलं, आपल्याकडे पडला नाही, म्हणजे ढग पळवला. हे खोटं आहे असं त्या विशिष्ट दिवसासाठी कुणी सिद्ध करून देऊ शकत नाही, कारण फवारलं नसतं तर त्या ढगाचं काय झालं असतं हे मोजता येत नाही. म्हणूनच तर शेकडो ढग घेऊन सरासरी काढावी लागते.

---

बांधावरून

कोरडवाहूंच्या शेवटच्या मुद्द्याचं सगळ्यात बोलकं उदाहरण मेक्सिकोतल्या पुएब्ला खोऱ्यातलं. २०१८ मध्ये एका जर्मन मोटार कंपनीने उघड्यावर उभ्या नव्या गाड्यांना गारांचा मार बसू नये म्हणून तोफा लावल्या. तोफ म्हणजे खालच्या कोठीत अ‍ॅसिटिलीन आणि हवेचा स्फोट करायचा आणि शंकूसारख्या नळीतून तो धक्का वर सोडायचा, दर काही सेकंदांनी. आजूबाजूचे शेतकरी म्हणाले, पाऊस पळाला. सुमारे २,००० हेक्टरचं नुकसान सांगितलं आणि ७ कोटी पेसो भरपाई मागितली. कंपनीने तोफांचा स्वयंचलित वापर थांबवला आणि गाड्यांवर जाळ्या लावायचं कबूल केलं.

जागतिक हवामान संघटनेच्या मते या तोफांना शास्त्रीय आधार नाही. विजेचा कडकडाट त्याहून कितीतरी मोठा असतो, आणि तरी गारा पडतातच. म्हणजे तोफ गाराही थांबवत नाही आणि पाऊसही पळवत नाही. तरी नुकसान झालंच, आणि ते वेगळं आहे.

त्याच खोऱ्यावर पोपोकातेपेत्ल ज्वालामुखी आहे. त्याच्या उतारावरच्या नाहुआ गावांत ‘तिएम्पेरो’ असतात, हवामानाचे जाणते. परंपरेने वीज पडून वाचलेल्या माणसाला हे काम येतं. १२ मार्चला डोंगराचा, म्हणजे ‘डॉन गोयो’चा दिवस. वर जाऊन नैवेद्य ठेवायचा, चांगला पाऊस मागायचा, गारा दूर ठेवायच्या. हे मागणं जितकं आहे तितकीच जबाबदारीही आहे : हंगाम फसला तर गाव त्याला जाब विचारतं आणि तो डोंगर, ओढे, ढगांची चाल वर्षभर बघत असल्यामुळे त्याच्याकडे सांगण्यासारखं काही असतं. तोफ आली की जाब विचारायची जागा बदलते. प्रत्येक कोरड्या आठवड्याला एकच कारण मिळतं आणि बाकीच्या खुणा कुणी बघेनासं होतं.

---

गारपीट

हे पटलं. म्हणजे न चालणारं यंत्रही ज्ञान मोडू शकतं. पण मग वीस किलोमीटर वरचे कण तर कुणाला दिसणारही नाहीत. तिथे काय मोडणार?

---

मघा

दिसतील. माझ्या मते या अख्ख्या विषयातलं सगळ्यात नेमकं उदाहरण हेच आहे.

पेरू आणि बोलिव्हियाच्या अँडीज पठारावर केच्वा आणि आयमारा शेतकरी जूनमध्ये, २४ जूनच्या सेंट जॉनच्या सणाच्या सुमारास, पहाटेपूर्वी उंचावर जाऊन ईशान्येला उगवणाऱ्या कृत्तिका बघतात. पुंजका मोठा, लखलखीत, भरपूर तारे दिसले तर पाऊस वेळेवर. पुंजका मंद, लहान, तारे कमी, तर पाऊस उशिरा आणि कमी. मग ऑक्टोबरच्या आसपासची बटाट्याची लागवड चार ते सहा आठवडे पुढे ढकलतात. फूल येण्याच्या काळात बटाट्याला ताण बसला तर कंद धरत नाही, म्हणून ही चालढकल मोलाची.

२००० साली ‘नेचर’मध्ये याची कारणमीमांसा आली. एल निन्योच्या वर्षी जूनमध्ये त्या भागावर खूप उंचावर विरळ, डोळ्याला न दिसणारे तंतुमेघ वाढतात. तारे त्यामुळे मंद होतात. त्याच एल निन्योमुळे पुढच्या डिसेंबर-फेब्रुवारीत तिथे पाऊस घटतो. म्हणजे शेतकरी चार-सहा महिने आधी एल निन्यो मोजत होते, तेही शतकानुशतकं.

आता वर कण सोडा. फिलिपिन्समधला पिनाटुबो ज्वालामुखी १९९१ मध्ये फुटला तेव्हा जगभराची सरासरी प्रकाशीय जाडी, म्हणजे थर उजेड किती अडवतो त्याचं माप, ०.१५ च्या आसपास वाढली होती. कृत्तिका क्षितिजापासून १२ अंशांवर असताना बघितल्या तर उजेडाला थराचा सुमारे ४.७ पट लांब रस्ता कापावा लागतो. ताऱ्याचं तेज ‘प्रती’त मोजतात, आकडा मोठा तितका तारा मंद; जाडीवरून प्रत काढायला १.०८६ ने गुणायचं. ०.१५ × ४.७ × १.०८६ म्हणजे जवळजवळ ०.७७ प्रतीने तारे मंद. कृत्तिकेतला सर्वात तेजस्वी तारा २.९ प्रतीचा, सहावा ४.३ चा आणि सातवा ५.१ चा. पाऊण प्रत गेली की कडेचे तारे पुसले जातात आणि पुंजका लहान दिसतो. एल निन्यो नसताना ‘एल निन्यो आहे’ असं उत्तर येतं. ज्या वर्षी पाऊस वेळेवर येणार त्या वर्षी गाव महिनाभर थांबतं, आणि उशिरा लावलेला बटाटा कडाक्याच्या थंडीत सापडतो.

उत्तरायण यांच्या बर्फात अशी स्थिती नाही, हेही सांगायला हवं. तिथे हवामान बदललं तरी खड्डा खणून थर बघण्याची रीत खरंच सांगते. इथे मोजण्याचं साधनच गढूळ होतं.

---

गारपीट

शेतकरी नवी खूण शिकणार नाहीत का? तंतुमेघ रोज बदलतात, कणांचा थर एकसारखा असतो. शिवाय असा थर असला की सूर्यास्तानंतर बराच वेळ जांभळट संधिप्रकाश राहतो, पिनाटुबोनंतर राहिला होता. तो बघून वजावट करता येईल.

---

मघा

करता येईल, जाणते लोक कदाचित तसंच करतील. पण वजावट किती करायची हे ठरवायला एल निन्योची काही वर्षं आणि साधी काही वर्षं, दोन्ही नव्या आभाळाखाली बघावी लागतील. एल निन्यो दोन ते सात वर्षांनी येतो. चार-पाच फेऱ्या म्हटल्या तरी पंचवीस वर्षांच्या घरात. तेवढा काळ फवारणीचं प्रमाण स्थिर राहिलं तरच, आणि तेही कुणी दरवर्षी किती सोडलं हे त्या गावांना सांगितलं तर.

---

नाचणीकर

आपल्याकडचा धागा जोडतो, पण बेताने. कण फक्त उत्तर गोलार्धात सोडले तर उत्तर गोलार्ध जास्त थंड होतो आणि विषुववृत्ताजवळचा पावसाचा पट्टा दक्षिणेकडे सरकतो. १७८३ च्या आइसलँडमधल्या लाकी उद्रेकानंतर आफ्रिकेचा आणि भारताचा मान्सून क्षीण झाल्याचे पुरावे आहेत. म्हणजे स्वीडनमधला प्रयोग हा डहाणू-जव्हारच्या वारली-कोकणांचाही विषय आहे, निदान पुढच्या टप्प्यांत.

इथे एकूण पाऊस टक्का-दोन टक्क्यांनी घटला याने फारसं अडत नाही. अडतं ते पहिली सर आणि दुसरी सर यांतल्या अंतराने. राबाचा, म्हणजे भाताची रोपं वाढवायच्या भाजलेल्या वाफ्याचा हिशोब बघा : उन्हाळ्यात शेण, टहाळ, पालापाचोळा, गवत आणि वर मातीचा पातळ थर अशी रचून भाजणी; त्याच जागी धूळपेर किंवा पहिल्या सरीवर पेर; नंतर तीन-चार आठवड्यांत रोप उपटून लावणी. पहिल्या सरीनंतर पंधरा-वीस दिवस उघडीप पडली की उगवलेलं करपतं. तगलं तर रोप म्हातारं होतं आणि भाताला फुटवे कमी येतात. पुन्हा पेरायचं तर भाजलेला राब एकच असतो, दुसरा भाजायला पाला उरलेला नसतो.

खुणाही एकट्या वापरत नाहीत. बहावा कधी फुलला, पावशा कधीपासून ओरडतोय, टिटवीने अंडी सखलात घातली की उंचावर, कावळ्याचं घरटं शेंड्याला की आतल्या फांदीत. दोन जुळल्या, दोन नाही जुळल्या तर बियाणं दोन वेळांत विभागून पेरतात. प्रत्येक खूण शास्त्राच्या कसोटीला उतरते असं मुळीच नाही. टिटवीबद्दल मला स्वतःला शंका आहे. पण विभागून पेरण्याची शिस्त त्या खुणांच्या भांडणातून येते, आणि वाचवते ती शिस्त.

---

दहिवर

चर्चा हवी तिथे आली. तळटीप, उद्या नाशिकच्या सुरगाणा-पेठ भागात किंवा पालघरात ढगांवर फवारणी करायची ठरली, तर ग्रामसभेच्या हातात आज काय आहे?

---

तळटीप

ठोस फार नाही. आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा १९९६ चा पेसा कायदा आणि महाराष्ट्राचे २०१४ चे नियम जमीन, पाणी, गौण वनोपज, गौण खनिज यांबद्दल बोलतात. ढगांबद्दल काही नाही. वनहक्क कायदा २००६ मधलं कलम ३(१)(ट) जैवविविधतेशी जोडलेल्या पारंपरिक ज्ञानावर सामूहिक हक्क देतं, आणि कलम ५ ग्रामसभेला आपला नैसर्गिक-सांस्कृतिक वारसा जपायचा अधिकार देतं. यांच्या आधारे ठराव करता येईल. तो फवारणी रोखू शकेल असं छातीठोक सांगता येणार नाही, पण माहिती मागायला पुरेसा आहे.

ठरावात मागायचं ते असं मोघम नको की ‘आम्हाला विश्वासात घ्या’. कागदावर हवं : उड्डाणाची तारीख आणि वेळ, किती नळकांडी कुठे पेटवली, क्षार कुठला, ढगाच्या तळाशी वाऱ्याची दिशा आणि वेग, फवारणीनंतरच्या दोन तासांच्या रडारच्या प्रतिमा, आणि न फवारलेल्या दिवसांचंही पर्जन्यमान, सगळं मराठीत आणि आठवड्याच्या आत. गावात साधं पर्जन्यमापक फवारणी सुरू होण्याआधी किमान एक पूर्ण पावसाळा बसलेलं हवं, कारण नंतर बसवलेल्या मापकाशी तुलना करायला काहीच नसतं. नोंद करणारा गावातला हवा. शक्यतो जो आधीपासून खुणा बघतो तोच, म्हणजे त्याच वहीत बहावा आणि पावशाही लिहिला जाईल.

---

कोरडवाहू

त्यात एक भर. मापक झाडाखाली किंवा भिंतीला चिकटून नको. जवळचं झाड किंवा छप्पर जेवढं उंच त्याच्या दुपटीहून जास्त अंतरावर मोकळ्यात, आणि वाचन रोज सकाळी साडेआठला, म्हणजे हवामान खात्याच्या आकड्यांशी जुळवता येईल. शाळेच्या गच्चीवर बसवलेली मापकं वाऱ्यामुळे कमी दाखवतात. मग फवारणीवाले ‘तुमचं यंत्रच चुकीचं’ म्हणायला मोकळे.